उजनी मायनसमध्ये जाते तेव्हा आमच्या वस्तीवर काय होतं

उजनी धरणाचा टक्का बघायची सवय आता अख्ख्या सोलापूर जिल्ह्याला लागलीय. सकाळी चहाच्या आधी ग्रुपवर मेसेज येतो, आज धरण एवढं, दौंडवरनं विसर्ग एवढा. ऊसवाला बघतो, सोलापूर शहरातला माणूस प्यायच्या पाण्यासाठी बघतो, आणि आमच्या भोई, म्हणजे मासेमारी करणाऱ्यांच्या वस्तीवरपण बघतात, पण आमच्या बघण्याचा हिशोब कुठंच होत नाही म्हणून आज जरा सविस्तर लिहितोय. पोस्ट मोठी आहे, पण वाचा.

धरणात एकूण ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं. त्यातलं साडेत्रेपन्न टीएमसी उपयुक्त आणि बाकीचं त्रेसष्टच्या वर मृतसाठा, म्हणजे एरवी न वापरायचं तळाचं पाणी. उपयुक्त संपलं की टक्का शून्य, आणि तिथून खाली गेलं की मायनस. २०२३ ला पावसानं दगा दिला, धरण साठ टक्क्यांच्या आसपासच भरलं, आणि २०२४ च्या जानेवारीतच मायनस चालू झालं. जूनपर्यंत मायनस साठच्या जवळ, टक्का उपयुक्त साठ्यावरच मोजतात. म्हणजे मृतसाठ्यातलंसुद्धा बत्तीसेक टीएमसी पाणी गेलं. कागदावर ज्याला मृत म्हणतात ना, आमची मासळी त्याच पाण्यावर उन्हाळा काढते.

त्या एप्रिलात मी सुट्टीला घरी गेलो होतो. एरवी दारातनं पाणी दिसतं, तेव्हा दीड-दोन किलोमीटर चालायला लागत होतं आणि शेवटचा टप्पा तर गुडघाभर गाळ. आण्णा साठीच्या पुढचे, डोक्यावर जाळी, मी आणि चुलतभाऊ होडी ढकलतोय. गाळ वरनं वाळून भेगाळलेला दिसतो आणि पाय टाकला की आत जातो. तिथं मी एक गोष्ट बघितली ती डोळ्यासमोरनं जात नाही. उतारावर परातीएवढे गोल गोल खड्डे, शेकड्यांनी. ही चिलापीची (तिलापिया माशाची) घरटी. चिलापीचा नर उथळ पाण्यात तळाला तोंडानं उकरून खड्डा करतो, तिथं मादी अंडी घालते आणि मग तोंडात घेऊन सांभाळते. पाणी रोज उतरत गेलं की खड्डा उघडा पडतो, मग मासा खाली सरकून दुसरा करतो, चार दिवसांनी तोपण उघडा. खड्ड्यांच्या रांगा एकीखाली एक अशा पार पाण्यापर्यंत गेल्या होत्या. आण्णा काही बोलले नाहीत, त्यांच्यामधनं वाट काढत चालले.

चिलापी तरी कशीबशी तगते. रोहू, कटला, मृगळ यांचं अवघड आहे. ही मासळी साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाही, हिला पहिल्या पुराचं नवं वाहतं पाणी लागतं, जून-जुलैत गाभोळीनं भरलेलं पोट घेऊन ती वरच्या अंगाला चढते. पण उन्हाळ्यात पाणी एवढंसं झालं की मोठी मासळी सगळी एका जागी गोळा होते आणि तिथंच सापडते, मग पूर आल्यावर चढायला राहतं कोण?

आणि हे बाहेरच्या माणसाला कळत नाही की दुष्काळात सुरुवातीला मासे कमी नाही तर जास्त लागतात. जाळं टाकलं की भरतं. लोक म्हणतात, मजा आहे तुमची. पण सगळ्यांचीच जाळी भरलेली असतात, भिगवण-इंदापूरच्या बाजारात माल पडतो, भाव पडतो, आणि बर्फाचा न गाडीचा खर्च तेवढाच राहतो. आई टोपली घेऊन गावोगाव फिरते, तिला दुपारनंतर मिळेल त्या भावात द्यायला लागतं, मासळी काय उद्यावर ठेवता येत नाही. दोन महिने असे जातात आणि मग जाळी रिकामी यायला लागतात.

पाण्याचं तर विचारूच नका. पुणे, पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठेतनं भीमेत आणि भीमेतनं आमच्याकडं. धरण भरलेलं असताना ते पातळ होतं, उन्हाळ्यात तेच घट्ट हिरवं होतं, वास मारतं, अंगाला खाज सुटते. पहाटे मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करतात, कारण शेवाळ रात्रभर पाण्यातला ऑक्सिजन खातं. त्यात तो सकर मासा. शोभेच्या टाकीतला, कुणीतरी कधीतरी सोडलेला, अंगावर काटे आणि पाठ दगडासारखी, खात कुणी नाही आणि एक अडकला की जाळं फाटतं. पाणी आटलं की तोच जास्त लागतो. आण्णांचा अर्धा दिवस जाळी शिवण्यात जातो.

त्याच वेळी पळसदेवचं जुनं मंदिर पाण्यातनं वर येतं म्हणून लोक फोटो काढायला येतात. यावं, सुंदरच आहे ते. फक्त त्या पाण्याखाली आमच्या आज्ज्याचं घरपण आहे एवढं ध्यानात असू द्या. जमिनी दिल्या, धरण आलं, मग ज्यांना काहीच उरलं नाही त्यांच्या हातात जाळं आलं, आता तेपण जातंय.

माझं म्हणणं शेतकऱ्याच्या विरोधात नाही, माझे मामा ऊसच लावतात आणि त्यांनी त्या वर्षी पाण्यामागं पाइप वाढवत वाढवत कर्ज करून घेतलं. सोलापूरला प्यायला पाणी मिळालंच पाहिजे. पण त्या वर्षी ते नदीत सोडून एवढ्या लांब नेलं, वाटेत बरंच जिरलं नि उडालं, आणि ते पाणी कुठल्या साठ्यातनं गेलं हे कुणी विचारलं नाही. मृतसाठ्यात एक पातळी ठरवा, त्याच्या खाली मासळीसाठी पाणी राहील असं लिहून द्या. कालवा सल्लागार समितीत आवर्तनं (पाणी सोडायच्या पाळ्या) ठरतात तिथं मच्छीमाराचा एक माणूस बसवा. आणि आपल्या लोकांनापण सांगतो, मायनस लागल्यावर बारीक आसाची (छिद्रांची) जाळी लावून बोटाएवढी पिल्लं काढणं बंद करा, व्यापारी किलोवर घेतो म्हणून आपण वर्षाचं बीज एका पिशवीत भरून देतोय.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये धरण भरलं, टक्का शंभरवर गेला, सगळ्या ग्रुपवर फुलं आणि अभिनंदन. आमच्याकडं होडी पुन्हा दाराशी आली. दिवाळीला घरी गेलो तेव्हा आण्णांना विचारलं कसंय, तर त्यांनी टोपली पुढं केली. तळाला वीतभर दोन चिलाप्या आणि चार सकर.