ऑडिटमध्ये ३८

निकाल लागला त्या रात्री ताईचा फोन आला. भाचा खोलीचं दार लावून बसला होता. सीए फायनलचा पहिला ग्रुप, म्हणजे तीन पेपर. फायनान्शियल रिपोर्टिंग (एफआर) ४७, अॅडव्हान्स्ड फायनान्शियल मॅनेजमेंट (एएफएम) ६७, ऑडिट ३८. बेरीज १५२. ग्रुप सुटायला ३०० पैकी १५० लागतात, ते आहेत. पण प्रत्येक पेपरात ४० हवेत, आणि ऑडिटमध्ये दोन कमी पडले. "दोन मार्कांसाठी गं," ताई पुन्हा पुन्हा म्हणत होती. "नीट तपासलाच नसणार पेपर. आपण रीव्हॅल टाकू या."

दुसऱ्या दिवशी फोर्टातून सुटल्यावर करी रोडला उतरले आणि थेट लालबागला त्यांच्या घरी गेले. तिथे जे बोलले तेच इथे लिहिते, कारण दर निकालानंतर कितीतरी घरांत हीच चर्चा चालते आणि अर्धवट माहितीवर चालते.

पहिली गोष्ट, सीएला रीव्हॅल, म्हणजे उत्तरांची फेरतपासणी, नाही. मुंबई विद्यापीठातून बीकॉम केलेल्या मुलांना फोटोकॉपी मागवायची, मग रीव्हॅल टाकायचं, हे अंगवळणी पडलेलं असतं. सीएची परीक्षा घेणाऱ्या इन्स्टिट्यूटकडे (आयसीएआय) आहे ते व्हेरिफिकेशन. एका पेपरचे १०० रुपये, निकालापासून ३० दिवसांत अर्ज. त्यात एवढंच बघतात की एखादं उत्तर तपासायचं राहून गेलं का आणि बेरीज चुकली का. तुमच्या उत्तराला चारऐवजी सहा द्यायला हवे होते का, हा प्रश्न तिथे कुणी विचारतच नाही.

"मग कोर्टात जाऊ," भावोजी म्हणाले. त्यांचा राग मला कळत होता. पण हा रस्ता आपल्याच महाराष्ट्राच्या दहावी-बारावीच्या बोर्डाच्या खटल्यात अडला. मुंबई उच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या बाजूने दिलेला निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली फिरवला. नियमात फेरतपासणी नसेल तर ती हक्क म्हणून मागता येत नाही, असं सांगितलं. २०१७ मध्ये उत्तर प्रदेशच्या एका भरतीपरीक्षेच्या प्रकरणातही कोर्टाने साधारण हीच भूमिका घेतली. दोन मार्कांसाठी वकील लावून मुलाचं वर्ष तारखांवर घालवू नका, हे मी भावोजींना हात जोडून सांगितलं.

पण तिसरी एक वाट आहे आणि माझं सगळं म्हणणं तिच्याबद्दल आहे. आपल्या उत्तरपत्रिकेची सर्टिफाईड कॉपी मागवता येते. एका पेपरचे ५००. ही कॉपी मागवाच.

मी २००६ च्या नोव्हेंबरात फायनलला बसले होते. तेव्हा ग्रुपला चार पेपर असत. लॉमध्ये ३६ आले. मला आजही तो पेपर आठवतो. घरी येऊन वडिलांना म्हटलं होतं, लॉचं टेन्शन नाही. आपली उत्तरपत्रिका बघायची सोय तेव्हा नव्हती. ऑगस्ट २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की तपासलेली उत्तरपत्रिका माहिती अधिकारात बघता येते. तोपर्यंत मी पास होऊन नोकरीला लागले होते. पुढच्या अटेम्प्टला मी अंदाजाने अभ्यास केला, सगळंच पुन्हा पाठ केलं, कारण नेमकं कुठे बुडाले हे मला कुणी दाखवलं नव्हतं. त्या ३६ चं उत्तर मला आजतागायत मिळालेलं नाही. भाच्याच्या मनात असं काही राहू नये, एवढंच मला वाटतं.

कॉपी आल्यावर करायचं काय? इन्स्टिट्यूटची सजेस्टेड आन्सर्स शेजारी ठेवायची आणि पान पान वाचायचं. ऑडिटच्या १०० पैकी ३० गुण एमसीक्यूचे, तिथे वादाला फारशी जागा नाही. खरी गंमत उरलेल्या ७० मध्ये आहे. इतकी वर्षं आर्टिकल्सचे (फर्ममध्ये काम शिकणाऱ्या सीएच्या मुलांचे) पेपर घरी बसून वाचत आलेय, त्यावरून सांगते. मुलांना विषय येतो, पण मुलं गप्पा मारल्यासारखं लिहितात. हिशेबातली चूक मटेरियल (दखल घ्यावी इतकी मोठी) आहे हे लिहितात, ती परव्हेसिव्ह (सगळ्या हिशेबावर पसरलेली) आहे की नाही हे लिहीतच नाहीत, आणि मग ऑडिटरचं मत क्वालिफाईड ओपिनियन (तेवढी बाब सोडून हिशेब ठीक) की अॅडव्हर्स (हिशेबच ठीक नाहीत), हे नुसतंच ठोकून देतात. एसए ७०५ या ऑडिटिंग स्टँडर्डमध्ये या दोहोंतला फरक परव्हेसिव्ह या एका शब्दावर उभा आहे. परीक्षकाला तुमच्या मनातलं दिसत नाही, कागदावरचंच दिसतं. एखादं पान खरोखर न तपासलेलं निघालं, तर व्हेरिफिकेशन त्यासाठीच आहे. पण कॉपीची वाट बघत बसलात तर ३० दिवस निघून जातील. म्हणून दोन्ही अर्ज मुदतीत करा, आणि मनातली आशा त्या १०० रुपयांना बांधू नका.

तोवर अभ्यास थांबवायचा नाही. २०२५ पासून फायनल वर्षातून तीनदा होते, जानेवारी, मे आणि सप्टेंबर. मेचा निकाल जुलैत लागतो आणि सप्टेंबर समोर उभा असतो. अर्जाचं उत्तर येईपर्यंत पुस्तक मिटून ठेवणारी मुलं मी पाहिली आहेत. हातचा अटेम्प्ट गेला आणि उत्तर आलं, बदल नाही.

भाच्याला मी कागदावर मांडून दाखवलं. एएफएममध्ये ६० च्या वर असल्याने एक्झेम्प्शन मिळालंय, पुढचे तीन अटेम्प्ट ते ६७ त्याचेच. आता दोन पेपरांत मिळून ८३ हवेत, दोन्हीकडे किमान ४०. तो बराच वेळ त्या आकड्यांकडे बघत होता. मग म्हणाला, "मावशी, एफआरचं काय, परत पहिल्यापासून?" मी म्हटलं, त्याचीही कॉपी मागव, ४७ मधले कुठले गेले ते बघू.

ताईने तेवढ्यात पानं वाढली. दुपारपासून घरात कुणी जेवलं नव्हतं.

काल रात्री त्याचा मेसेज आला. सप्टेंबरचा फॉर्म भरला, दोन्ही पेपरांच्या कॉपीचा अर्ज केला, ऑडिटचं व्हेरिफिकेशनही टाकलं. कॉपी आली की रविवारी सकाळी माझ्याकडे येतोय. लाल पेन मी काढून ठेवलंय.