खुलासा: '७७७ दिलं की शेअर्ड फोल्डर चालतो' हे खरं नाही

लिनक्स सर्व्हरवरचा फोल्डर विंडोजवरून उघडला, सेव्ह करताना 'ॲक्सेस डिनाइड' आलं, की 'फोल्डरला ७७७ परवानगी द्या' (म्हणजे वाचणं, लिहिणं, चालवणं सगळ्यांना खुलं) हा सल्ला हमखास फिरतो. तो अपुरा आहे, शिवाय धोक्याचा.

विंडोजवरून येणाऱ्या माणसाला सांबाची (लिनक्सवरचे फोल्डर विंडोजला दाखवणारा प्रोग्रॅम) आणि लिनक्सची, अशा दोन चौक्या पार कराव्या लागतात. ७७७ फक्त दुसरी उघडतं. सांबात शेअर मुळातच 'रीड ओन्ली' असतो. तो बदलला नाही तर ७७७ देऊनही सेव्ह होणार नाही.

खरी गोम पुढे आहे. सांबाचा 'क्रिएट मास्क', म्हणजे नव्या फाइलला जास्तीत जास्त किती परवानगी मिळेल ते ठरवणारं सेटिंग, मुळात ०७४४ असतो. म्हणजे सकाळी अकाउंट्सवाल्याने नवी एक्सेल फाइल ठेवली, की लिहायचा हक्क त्याचा एकट्याचा. शेजारच्या टेबलावरची सहकारी ती फाइल उघडते, वाचते आणि सेव्हला अडकते. फोल्डर ७७७ असूनही! उलट तीच फाइल ती खुशाल डिलीट करू शकते, कारण डिलीटचा हक्क फोल्डरवरून ठरतो.

सगळ्यांना एका ग्रुपमध्ये घाला, फोल्डर त्या ग्रुपचा करून २७७० द्या (मालकाला आणि ग्रुपला सगळं खुलं, बाकीच्यांना बंद; नव्या फाइल्सही त्याच ग्रुपच्या). शेअरच्या सेटिंगमध्ये 'फोर्स ग्रुप' म्हणून तोच ग्रुप, क्रिएट मास्क ०६६४ आणि डिरेक्टरी मास्क (नव्या फोल्डरांसाठी तेच सेटिंग) ०७७५ ठेवा. जुन्या फाइल्स मात्र एकदा हातानेच सुधाराव्या लागतील.