‘त्यांना हलवा’ म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

नमस्कार साहेब,

जम्मूतल्या पूंछ-राजौरी या सीमेवरच्या जिल्ह्यांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंय की, पाकिस्तानशी काही बिनसलं की तिथले गावकरी तोफांच्या तोंडी येतात, तरी जागा सोडत नाहीत; त्यांना वीस-पंचवीस किलोमीटर आत हलवलं की प्रश्न मिटला. शिवाय सीमेचं लष्कर बघेल, कोल्हापुरात बसून लिहायचं काय कारण, असंही विचारलंय.

आधी हलवण्याचं बोलू. कोल्हापूरजवळची आपली प्रयाग चिखली घ्या. १९८९च्या महापुरानंतर गावाला सोनतळीत जागा मिळाली. तरी जुनं गाव नांदतंच आहे आणि २०१९ला तिथली माणसं बोटीतून काढावी लागली. शेत नदीकाठी, गोठा तिथं, वैरण तिथं, पहाटेची धार तिथं. चिखलीकरांना आपण अडाणी म्हणत नाही, कारण त्यांचा संसार आपल्या डोळ्यांसमोर आहे. पूंछमधल्या डोंगरउतारावर मका लावणाऱ्याचाही असाच संसार आहे, फक्त तो आपल्याला दिसत नाही. पंजाबात कित्येकांची शेतं तर सीमेवरच्या काटेरी कुंपणाच्या पलीकडे आहेत. ओळखपत्र दाखवायचं, ठरल्या वेळी फाटक उघडलं की जायचं, बंद व्हायच्या आत परतायचं. उंच पीक घ्यायला बंदी, म्हणजे ऊस नाहीच. आपल्याकडे कुणी असं सांगितलं तर काय होईल, तुम्हीच बघा.

आता लष्कराचं. गोळ्याला गोळ्यानं उत्तर लष्कर देईल, पण घरातल्या म्हातारीला आसरा कोण देणार? २०१७च्या अखेरीस जम्मू, कठुआ, सांबा, पूंछ आणि राजौरी या पाच जिल्ह्यांसाठी १४,४६० बंकर मंजूर झाले. घरगुती बंकरात आठ माणसं, सामुदायिक बंकरात चाळीस. भर होता तो अगदी सीमेलगतच्या गावांवर. फेब्रुवारी २०२१च्या शस्त्रसंधीनंतर लोकांनी घरं बांधली, शाळा नियमित भरू लागल्या. मग ७ मे २०२५ उजाडला आणि गोळे थेट पूंछ शहरात पडले. शहरात बंकर जवळजवळ नव्हतेच. साधी माणसं मेली, त्यांत लहान मुलं होती. मला याचा राग येतो, आणि तो लेखात उतरला असेल तर उतरू दे.

आणि गावं उठवली तर लष्कराचंच नुकसान होईल. १९९९ला कारगिल भागातल्या बटालिकच्या डोंगरात पाकिस्तानी घुसखोर पहिल्यांदा पाहिले ते तिथल्या गुराख्यांनी. माणूस राहतो म्हणून तिथं अनोळखी पाऊल कळतं.

कोल्हापूरचा संबंध विचारलात. शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीत घराघरातून माणसं फौजेत गेली आहेत. आपली पोरं ज्या गावांच्या माथ्यावर पहारा देतात, त्या गावांत रात्र कशी जाते हे आपल्याला माहीत नको?

एक गोष्ट तुमची पटते: तणाव वाढताच बायका-मुलं, आजारी माणसं वेळेत मागं न्यायला हवीत. त्यासाठी गाड्या, औषधं, छावणीत जनावरांसाठी जागा आणि चारा आधीच ठरलेला असावा. जनावर मागं राहिलं की त्याचा धनीही गाव सोडत नाही, हे पुराच्या पाण्यात आपण पाहिलंय. घर पडलं तर भरपाई मिळावी, आणि गाय-म्हैस दगावली तर तिचीही, त्याच हंगामात. पूंछ शहरात बंकर व्हावेत, ही मागणी मी सोडणार नाही.