ला क्रेसेंटची गोडी उगाच नाही

एका लेखात 'ला क्रेसेंट' द्राक्षाची व्हाइट वाइन "विनाकारण गोड" म्हटलीय, ते पटलं नाही. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाने २००२ मध्ये आणलेली ही जात उणे ३५ अंश सेल्सिअसच्या आसपासची थंडीही सोसते, पण तिच्या रसात आम्ल भलतंच जास्त. सगळी साखर आंबवून टाकली तर घोटागणिक दात आंबतील! म्हणून थोडी साखर मुद्दाम शिल्लक ठेवतात. जर्दाळू, संत्र्या-लिंबाची साल आणि मस्कत या सुवासिक द्राक्षासारखा तो घमघमाट (वंशावळीत मस्कत हॅम्बुर्ग ही जात आहेच) मग आंबटपणाखाली दबत नाही. फक्त अगदी बर्फगार करून पिऊ नका, वास मरतो. ड्राय, म्हणजे गोडी नसलेली वाइनच हवी असेल तर त्याच विद्यापीठाची २०१७ ची 'इटास्का' ही द्राक्षजात बघा, तिच्यात आम्ल बरंच कमी असतं.