बोन स्कॅनने कॅन्सर पसरत नाही

सुदामानगरच्या आमच्या मावशीने परवा बोन स्कॅनची, म्हणजे कॅन्सर हाडांत गेलाय का ते पाहणाऱ्या तपासणीची, ठरलेली तारीख रद्द केली. कारण काय, तर भजनी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेला मेसेज: ‘बोन स्कॅनचं रेडिओॲक्टिव्ह इंजेक्शन हाडांत कायमचं बसतं, त्यानेच स्तनाचा कॅन्सर हाडांत पसरतो, घरातल्यांनाही धोका असतो, आणि हे स्कॅन निव्वळ पैसे उकळायला लिहून देतात.’ इंदुरातल्या ओळखीच्या कितीतरी घरांत तो फिरतोय, म्हणून लिहिते.

स्कॅनने पसरतो, हे सगळ्यात घातक. इंजेक्शनात टेक्नेशियम-99एम हा किरणं सोडणारा पदार्थ असतो, फॉस्फेटच्या जातीच्या एका औषधाला जोडलेला, तोही अगदी थोडा. हाडाची मोडतोड-दुरुस्ती जिथे चालू असते तिथे ते जास्त जमतं आणि कॅमेऱ्यात डाग दिसतो. रोग आधीच तिथे असतो. पण कंबर दुखते म्हणून स्कॅन होतो, त्यात रोग सापडतो, आणि घरचे म्हणतात, ‘स्कॅन केला अन् पसरला!’ स्तनाचा कॅन्सर पसरतो तेव्हा बहुतेक वेळा हाडांतच जातो. मणक्यात गेलेला वेळेत कळला तर रेडिएशन आणि झोलेड्रॉनिक ॲसिडसारखी औषधं देऊन हाड सांभाळता येतं. न कळता मज्जारज्जू दबला तर पाय लुळे पडतात. मावशीचा स्तनाचा कॅन्सर तिसऱ्या टप्प्यातला, त्यात रात्री-रात्री कंबर ठणकते. तिला स्कॅनपासून परावृत्त करणाऱ्यांना हे माहीत होतं का?

कायमचं बसतं म्हणे! टेक्नेशियम दर 6 तासांनी निम्मं होतं. दिवसभरात सोळावा हिस्सा उरतो, शिवाय बरंचसं लघवीवाटे जातं. इंजेक्शननंतर दोन-तीन तास थांबवतात आणि भरपूर पाणी प्यायला लावतात ते त्यासाठीच. किरणांची मात्रा साधारण 4 ते 5 मिलिसिव्हर्ट. निसर्गातूनच माणसाला वर्षाला सरासरी 2.4 मिळते. घरच्यांना धोका नाही. तान्हं बाळ आणि गरोदर बाई तेवढी त्या दिवशी जरा लांब ठेवावी. स्वतः गरोदर असाल किंवा अंगावर पाजत असाल तर आधी सांगायलाच हवं.

पैशांच्या मुद्द्यात अर्धं खरं आहे, ते मान्य करावंच लागेल. अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या ‘एस्को’ या संस्थेने 2012 मध्येच बजावलंय: सुरुवातीच्या टप्प्यातला, पसरण्याचा धोका कमी असलेला स्तनाचा कॅन्सर असेल तर बोन स्कॅन करू नका, उपचार संपल्यावर काही त्रास नसतानाही उगाच करत बसू नका. कारण संधिवात, जुनं फ्रॅक्चर, झिजलेला गुडघा यांचेही डाग उमटतात. मग एक्स-रे, एमआरआय, कधी बायोप्सी, आणि तोवर घरभर धास्ती. पण हा सल्ला लवकर सापडलेल्या, त्रास नसलेल्या बायकांसाठी आहे. आजार पुढच्या टप्प्यात असेल, हाडं दुखत असतील, रक्तात अल्कलाइन फॉस्फटेज (हाडांच्या आजारात वाढू शकणारं एन्झाइम) वाढलेलं असेल, तर स्कॅन लिहून देणारा डॉक्टर आपलं काम करतोय. शंका असेल तर त्यालाच विचारा: माझा टप्पा कोणता, आणि स्कॅनमध्ये काही निघालं तर माझे उपचार बदलणार का?