ऑड्युबॉनच्या हातात बंदूकही होती

सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर फिरतो आहे. त्याचा सारांश असा: लुईझियानात जन्मलेल्या जॉन जेम्स ऑड्युबॉनने एकाही पक्ष्याला इजा न करता, एकट्याच्या बळावर अमेरिकेतल्या पक्ष्यांची ४३५ चित्रं केली आणि पक्षी वाचवायला ऑड्युबॉन सोसायटी काढली. यातला ४३५ हा आकडा तेवढा बरोबर आहे.

जन्म लुईझियानातला नव्हे. तो १७८५ साली आजच्या हैतीत, तेव्हाच्या फ्रेंच वसाहतीत जन्मला. फ्रेंच कप्तानाचा अनौरस मुलगा. लुईझियानाची कथा त्याने स्वतःच पसरवली होती, तेव्हा इथे मजकूर लिहिणाऱ्याला फार दोष देत नाही.

सोसायटीचं म्हणाल तर ऑड्युबॉन वारला १८५१ मध्ये आणि जॉर्ज बर्ड ग्रिनेलने ती काढली १८८६ मध्ये. ग्रिनेल लहानपणी ऑड्युबॉनच्या पत्नीकडे, लूसीकडे शिकला होता.

'एकट्याच्या बळावर' हे मात्र मला खटकतं. १८२० मध्ये तो मिसिसिपीच्या प्रवासाला निघाला तेव्हा सोबत जोसेफ मेसन नावाचा तेरा वर्षांचा पोरगा होता. कितीतरी चित्रांतली फुलं-पानं त्याची आहेत. पुढे काही चित्रांची पार्श्वभूमी जॉर्ज लेमनने रंगवली, काहींतली झाडंझुडपं मारिया मार्टिनने. बहुतेक चित्रं तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापली ती लंडनच्या रॉबर्ट हॅवेलने. आणि ऑड्युबॉन इंग्लंडात ग्राहक मिळवत हिंडत होता तेव्हा लूसी लुईझियानात मुलांना शिकवून स्वतःचा चरितार्थ चालवत होती.

आता 'इजा न करता'. अहो, त्याची सगळी पद्धतच शिकारीवर उभी होती! तेव्हाचे बरेच चित्रकार पेंढा भरलेल्या कातड्यावरून चित्र काढत. पक्षी मग खुंटीवर टांगल्यासारखा दिसे. ऑड्युबॉन पक्षी टिपायचा आणि ताजा असतानाच चौकटी आखलेल्या फळीवर तारा खुपसून त्याला उडता, झडप घालता असा उभा करायचा. कागदावरही तशाच चौकटी, म्हणजे माप चुकायला नको. मेल्यावर डोळ्यांचे, पायांचे रंग लवकर उतरतात, म्हणून सगळी घाई. त्याच्या चित्रांतला जिवंतपणा या तारांतून आला आहे.

१८३३ मध्ये बोस्टनला त्याने एक जिवंत सोनेरी गरुड विकत घेतला. पिसं खराब होऊ नयेत म्हणून त्याला बंद खोलीत कोळशाच्या धुराने गुदमरवून पाहिलं. गरुड ताठ उभाच. शेवटी टोकदार पोलादी सळई काळजात खुपसली. हे त्याने स्वतःच लिहून ठेवलं आहे. ते चित्र पुरं करता करता तो आजारी पडला.

त्या मूळ जलरंगचित्रात, खाली कोपऱ्यात, दरीवर आडव्या पडलेल्या ओंडक्यावरून एक शिकारी सरपटत चालला आहे. पाठीवर बंदूक आणि मारलेला पक्षी. तो ऑड्युबॉन स्वतःच, असं अनेक जाणकार मानतात. हॅवेलने छापलेल्या चित्रात ती आकृती नाही.