लिहू द्या की शांतपणे!

टेक्स्ट एडिटर लिहिण्यासाठी असतो ना? मग त्यात टपाल कशाला? ईमॅक्स या एडिटरमध्ये मेल वाचायला आरमेल हा प्रोग्राम आहे, वर ग्नस हा दुसराही आहे. फोंड्यात पाऊस लागला की नेट रडायला लागतं. ग्नस सर्व्हरची वाट बघत बसतो आणि अख्खा एडिटर गोठतो. वाक्य अर्धवट, कर्सर ठप्प! मेल अडली तर माझा लेख का अडावा? मट बघा, १९९५ पासूनचा, फक्त मेलचा वेगळा प्रोग्राम. मेल तो दाखवतो, उत्तर लिहायला तुमच्याच आवडीचा एडिटर उघडून देतो. इतकं सरळ आहे! थंडरबर्डही मेलचा वेगळा प्रोग्राम, अडकला तर एकटा अडकतो. तरी ‘सगळं एकाच जागी’ हवंच म्हणे! कुणाला हवंय? मला नकोय. मेल तिकडे ठेवा, मला इथे लिहायचंय.